सौताड्याहून परतताना गाठलेली गारपीट: बीडच्या बालाघाट डोंगरांत फेब्रुवारी ते मेमध्ये दुचाकीनं जाणाऱ्यांसाठी

"पावसाळ्यात सगळेच जातात. आपण कोरड्यात जाऊ, गर्दी नसते," असं दाजी म्हणाले आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अंबाजोगाईहून निघालो. दोघांत एक मोटारसायकल. दाजी लातूरचे, पाण्याच्या बाबतीत लातूरकर जसा असतो तसे. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी त्यांनी रांगेत उभं राहून भरलंय. पावसाला घाबरायचं असतं हे त्यांच्या डोक्यात बसतच नाही. निघताना ताईनं डिकीत रेनकोट कोंबला तेव्हा त्यांनी तिची चेष्टा केली होती.

केज, नेकनूर, मांजरसुंबा हा रस्ता चांगला आहे, त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. मांजरसुंब्याहून आत कपिलधारला वळलो. मन्मथस्वामींची समाधी आहे तिथं. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला पाय ठेवायला जागा नसते, आम्हाला मात्र सगळा परिसर मोकळा मिळाला. धबधब्याची धार बारीक होती. मुक्काम पाटोद्याला.

रात्री झोपताना मोबाइलवर बीड जिल्ह्याला पिवळा इशारा दिसला होता: विजांसह हलका पाऊस, वादळी वारा, तुरळक ठिकाणी गारा. मी दाजींना दाखवला. "तुरळक म्हणजे दुसऱ्याच्या गावात," दाजी म्हणाले. मीही हसलो, त्यामुळं पुढं जे झालं त्यात निम्मा वाटा माझा.

सकाळी नायगावच्या मयूर अभयारण्यात गेलो. १९९४ला जाहीर झालेलं, तीस चौरस किलोमीटरच्या आसपासचं काटेरी झुडपांचं रान. मोर बघायचे तर उजाडायलाच पोचा, ऊन चढलं की ते झाडोऱ्यात शिरतात. आम्हाला पंधरा-वीस तरी दिसले. सकाळ इतकी निवळ आणि थंड होती की इशारा विसरूनच गेलो. नंतर कळलं की असल्या दिवसांत निवळ सकाळ ही खूण म्हणून काही कामाची नाही. वर थंड, कोरडी हवा असते, खाली बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्राकडून आलेलं बाष्प असतं. सकाळभर दोन्ही गुमान बसून राहतात. जमीन तापली की खालची हवा वर उसळते, आणि मग दीड-दोन तासांत डोंगराएवढा ढग उभा राहतो. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, पण हिवाळ्याच्या शेवटी त्याचं पाणी मराठवाड्यात असं गोठून पडतं.

चहाच्या टपरीवर एका बाबांनी विचारलं, "कुठं चाललाव?" सौताडा म्हटल्यावर म्हणाले, "लवकर वर या. आज गदगदायलंय." साडेअकरा वाजले होते आणि खरंच वारा पडला होता. शर्ट पाठीला चिकटत होता. फेब्रुवारीत अंगाला असा घाम येणं हाच खरा इशारा होता, मोबाइलपेक्षा नेमका.

आमची मोठी चूक सौताड्यात झाली. विंचरणा नदी तिथं खोल घळीत उडी घेते, आणि रामेश्वराचं देऊळ त्या घळीच्या तळाशी आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली गारवा, सावली, वर चिंचोळी आभाळाची पट्टी. आम्ही साडेबाराला उतरलो आणि भाकरी-ठेचा उघडून निवांत बसलो. रेंज नव्हती. त्या पट्टीत शेवटपर्यंत निळंच आभाळ होतं. पावणेतीनला धापा टाकत वर आलो, आणि मावळतीकडचं अर्धं आभाळ काळंनिळं, पिकल्या जांभळासारखं. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरलेला. अधूनमधून आत वीज लवायची, आवाज मात्र अजून नव्हता.

म्हणून पहिला सल्ला, आणि बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हा राहू द्या: सौताडा सकाळी करा आणि मोर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेला ठेवा. आम्ही उलटं केलं. या दिवसांतलं वादळ बहुतेकदा दुपारी तीन ते रात्री सातच्या दरम्यान गाठतं. दोन वाजता तुम्ही घळीबाहेर आणि पक्क्या छपराजवळ असलं पाहिजे. सौताड्याला तर आणखी एक भानगड आहे. वरच्या अंगाला पाऊस झाला तर पाणी खाली येतं आणि तुम्हाला वरचं काही दिसलेलं नसतं. ओल्या पायऱ्यांवरून घाईत चढणं वेगळंच.

आम्ही पाटोद्याच्या दिशेनं सुटलो. ढग मागं, आम्ही पुढं, दोघांचं तोंड उगवतीकडं. "पळू पुढं, गाठत नाही," दाजी म्हणाले आणि गाडी सत्तरवर नेली. हे गणित चुकतं. मागचा ढग कदाचित गाठणार नाही, पण त्याच्यातून सुटलेला गार वारा पुढं धावतो आणि तुमच्या डोक्यावर नवा ढग उभा करतो. आमच्या बाबतीत तेच झालं. आधी धूळ आली, समोरचं काही दिसेना, गाडी रस्त्याच्या कडेला ढकलली जायला लागली. मग एकदम थंडगार झुळूक. मग टपोरे थेंब, लांब लांब पडणारे. अशी गार झुळूक लागली की हातात पाच-सात मिनिटं आहेत असं धरून चाला. त्या वेळात थांबायचं ठिकाण शोधायचं, पुढचं गाव नव्हे.

पहिली गार हँडलवर वाजली. बोराएवढी. दाजींनी गाडी सरळ एका चिंचेखाली घेतली. मीही तेच केलं असतं, आपल्याला लहानपणापासून झाडाचाच आसरा माहीत. तेवढ्यात शेजारच्या रानातून कुणीतरी ओरडलं, "पाव्हणं, झाडाखाली नगा थांबू! इकडं या, इकडं!" आखाड्याच्या, म्हणजे रानातल्या शेडच्या, दारात एक मामा डोक्यावर घमेलं धरून हात करत होते. गाडी रस्त्यावर सोडून आम्ही धावलो. मधलं दोनशे पावलांचं अंतर काळ्या रानातलं. हेल्मेट काढलं नाही ही त्या दिवसातली आमची एकमेव अक्कल. धावताना लिंबाएवढ्या गारा डोक्यावर फुटत होत्या आणि आत कान सुन्न होत होते. दाजींच्या डाव्या खांद्यावरचा वळ आठवडाभर हिरवा होता.

मामांनी आम्हाला पत्र्याच्या आखाड्यात न नेता शेजारच्या स्लॅबच्या खोलीत घेतलं. तीन बाजूंनी भिंत असलेल्या पत्र्याखाली गार लागत नाही खरी, पण वारं घुसलं की पत्रा उचलतो. आम्ही बघत असतानाच दगड ठेवलेले दोन पत्रे कागदासारखे उडाले. पत्रा कापत जातो, गारेपेक्षा त्याची भीती जास्त. विजेच्या दृष्टीनंही उघडं शेड बिनकामाचं. चार भिंती, स्लॅब आणि लावलेलं दार, एवढंच खरं. गावातली शाळा, ग्रामपंचायत, बँक, काहीही चालेल. चारचाकी असेल तर काचा वर करून आत बसून राहा. काच फुटेल, पण वीज पत्र्यावरून जमिनीत जाते. दुचाकीला ती सोय नाही.

वीस मिनिटं गारा. पत्र्यावर असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मामांच्या आईनं दारातून अंगणात तवा भिरकावला, गारा थांबाव्यात म्हणून. कुणी हसलं नाही.

गारा थांबल्यावर दाजी लगेच निघायला उठले. मामांनी बसवलं, आणि ते बरोबर होतं. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबलाय म्हणजे वीज थांबलीय असं नसतं. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तितके किलोमीटर ती लांब. नऊ-दहा सेकंद म्हणजे तीन किलोमीटर, म्हणजे तुमच्यावरच आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आतली वीज दाखवतं. रेंज असतानाच बघून ठेवा, आमच्याकडं टॉवर गेला तो रात्री आला. विजेनं कुणी कोसळलं तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात करंट उरत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा.

बाहेर आलो तर फेब्रुवारीच्या दुपारी रान पांढरं. थंडी अशी की दात वाजायला लागले, कपडे ओले होतेच. मामांनी चूल पेटवली, चहा दिला. त्यांच्या शाळूची ताटं आडवी झाली होती, हरभऱ्याचे घाटे मातीत. बांधावरच्या आंब्याखाली मोहराचा थर. ते काही बोलले नाहीत, फक्त एक ताट उचलून कणसातले दाणे चोळून बघितले. "काळी पडल आता," एवढंच. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट त्यांना तारीखवार पाठ होती. २०१८ची, ११ फेब्रुवारीची, जालन्याकडची त्यांनी टीव्हीवर बघितलेली. "तवा वाटलं, आपल्याकडं नाही," म्हणाले. दाजींनी माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घातली.

जाताना रस्त्यात दोन गाड्या थांबलेल्या, पोरं ओंजळीत गारा घेऊन रील काढत होती, मागं कुणाचं तरी झोपलेलं पीक. एवढं मात्र करू नका.

मामांना आमचा एक उपयोग झाला. त्यांचा मोबाइल बंद, गावात लाइट नाही. तेव्हाच्या, म्हणजे २०२५च्या खरिपाआधीच्या नियमानं, पीक विमा काढलेला असेल तर गारपिटीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागायची, ॲपवरून किंवा १४४४७ या क्रमांकावर. दाजींनी त्यांच्या चारही तुकड्यांचे फोटो काढले, लोकेशन चालू ठेवून. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाचा नंबर घेतला. तुम्ही असे कुठं अडकलात आणि तुमच्या फोनमध्ये चार्जिंग असेल तर विचारून बघा, पाच मिनिटांचं काम असतं.

परतीच्या रस्त्याबद्दल. गारांचा थर म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर गाडी चालवणं, ब्रेक लावला की गेलात. आम्ही पाच वाजेपर्यंत थांबलो, तोवर बऱ्याच वितळल्या. बाभळीच्या फांद्या रस्ताभर, त्यामुळं काट्याचं पंक्चर ठरलेलंच. आमचं मागचं चाक गेलं. वाकलेला खांब किंवा लोंबती तार दिसली तर तिथूनच मागं वळा, लाइट गेलीय म्हणून तार मेलीय असं समजू नका. फरशी पुलावरून गढूळ पाणी जात असेल तर गुडघ्याएवढं असलं तरी थांबा, तासा-दोन तासांत उतरतं. आणि काळ्या रानात गाडी घालू नका. आमच्या बुटांना दोन-दोन किलो चिखल होता, तो चाकात बसला तर मडगार्ड खोलावं लागतं. मोठ्या रस्त्यावर अशा वेळी पुलाखाली सगळे दाटीवाटीनं उभे राहतात आणि मागून येणाऱ्या ट्रकला काही दिसत नाही. तिथं थांबायचंच तर रस्ता सोडून पार आत.

रात्र पाटोद्यातच काढली. सोबत ठेवा: बंद हेल्मेट, सुके कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, पॉवर बँक, पंक्चरचं सामान. मोसम कोरडा आहे म्हणून यातलं काही घरी ठेवू नका.

तिसऱ्या दिवशी मामांच्या मुलाचा मेसेज आला. फोटो पोचले, तक्रार नोंदवली. खाली एक ओळ: "दाजींचा रेनकोट आखाड्यावरच वाळत राहिलाय, आई विचारतीय कधी येताव."