माणकाच्या सावलीतलं स्पिनेल

आज बहिणीच्या अंगठीसाठी आम्ही म्हापशाला आमच्या सोनार शेटांकडे गेलो होतो. माणिक बघायला बसलो आणि शेटांनी पुडीतून स्पिनेल काढलं, म्हणजे माणकासारखाच दिसणारा पण वेगळा लाल खडा. "बाय, दारात ये. पिवळ्या बल्बखाली कुठलाही लाल खडा खुलतो." पावसाळी उजेडात तो फिरवून पाहिला. मधोमध फिकट पट्टा, त्यातून खालचा कागद चक्क दिसत होता! खडा उथळ कापला की उजेड परत न येता आरपार निघून जातो. रंग सुरेख असूनही भाव तिथेच पडतो. दुसरा लहान होता, पण कडेपासून कडेपर्यंत लालभडक.

मग डायक्रोस्कोप, म्हणजे खड्यातल्या रंगछटा वेगळ्या करून दाखवणारं छोटं उपकरण. माणकात शेजारी शेजारी लाल रंगाच्या दोन छटा दिसतात, स्पिनेलमध्ये एकच. शतकानुशतकं हे दोन्ही एकच समजले गेले. ब्रिटिश राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' हेही स्पिनेलच.

खडा पारखताना आधी रंग, मग स्वच्छता, कापणी, वजन. माणकं बहुतेक रंग खुलवण्यासाठी तापवलेली असतात, स्पिनेल सहसा नैसर्गिक रंगाचंच. माझ्या मते हीच त्याची खरी श्रीमंती. मात्र कृत्रिम स्पिनेलही बाजारात भरपूर आहे, म्हणून प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागितलंय. ते आलं की लहान खडाच घेणार.