गोमाची गोम

"मावशी, हा खेकडा की कोळी?"

भाचीने कंट्रोलर मांडीवर टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. पडद्यावर 'टिअर्स ऑफ द किंगडम' या झेल्डा मालिकेतल्या व्हिडिओ गेममधलं अग्निमंदिर होतं आणि त्यात दगडी पायांचा मार्बल्ड गोमा. तोवर ती दोनदा हरली होती. मी म्हटलं, "गोमा आहे तो." तर म्हणाली, "ते नाव झालं गं. पण आहे काय?"

नेमका हाच प्रश्न माझ्या वहीत कित्येक वर्षं पडून आहे. झेल्डा मालिकेत जे अवाढव्य शत्रू पुन्हा पुन्हा येतात, त्यांची मी नोंद ठेवते: कोण कोणाच्या कुळातला, कोण नुसता नावाचा भाऊ. नोंदी पेन्सिलने करते, कारण त्यांची घरं सारखी बदलतात.

सुरुवातीला नावावर भिस्त ठेवली होती. एक नाव, एक कूळ. ग्योर्गने तो विश्वास मोडला. 'मजोराज मास्क'मध्ये ग्योर्ग हा एका मोठ्या कुंडातला राक्षसी मासा, अख्ख्या मंदिराचा बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू. दोनच वर्षांनी 'विंड वेकर'मध्ये ग्योर्ग म्हणजे नावेभोवती घिरट्या घालणारे साधे शार्क. आणि २००४च्या 'मिनिश कॅप'मध्ये ते आकाशात उडतात, नर आणि मादी अशी जोडी. तीन खेळांत तीन वेगळे प्राणी. ते पान मी अर्ध्यातच सोडलं आहे.

मग डोळे मोजायला घेतले. एकाक्ष ते सगळे एका रकान्यात. गोमा एकाक्ष, हिनॉक्सही एकाक्ष. बरीच वर्षं ते दोघे माझ्या वहीत शेजारी शेजारी होते, आणि दर वेळी ते पान उघडलं की काहीतरी खटकायचं. एक कवचाचा, पायांचा, छताला चिकटणारा किडा. दुसरा पोट सुटलेला, दोन पायांवर चालणारा, झाडं उपटून मारणारा दांडगा. एक डोळा सोडला तर दोघांत काय सारखं आहे?

तिसरा प्रयत्न मारण्याच्या रीतीवरून केला. तो सगळ्यात हुशारीचा वाटला होता. १९८६च्या पहिल्या खेळात डोडोंगो बॉम्ब गिळतो आणि मरतो. १९९८च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये राजा डोडोंगो श्वास ओढायला जबडा उघडतो, तेव्हा त्यातच बॉम्ब टाकायचा. बारा वर्षं उलटली, दोन मितींच्या तीन झाल्या, पण खोड तीच. मला फार आनंद झाला होता. पण २०१७च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मधला मोल्डुगाही वाळूतून उसळी मारून बॉम्बच गिळतो. वाळवंटात पोहणारं ते धूड डोडोंगोच्या रकान्यात बसवणं काही मनाला पटेना.

उत्तर मला हिनॉक्सने दिलं. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये तो बहुतेक वेळा उताणा झोपलेला सापडतो, घोरत. त्याच्या तळहातावर चढून गप्प उभं राहायचं. थोड्या वेळाने तो झोपेतच पोट खाजवतो आणि तो हात आपल्याला अलगद पोटावर नेऊन ठेवतो. तिथून गळ्यातल्या माळेत अडकवलेली शस्त्रं काढून घेता येतात. हे मी किती वेळा केलं असेल! एकदा मात्र तो जागा झाला. मी डोळ्यात बाण मारला. तो मागे कोसळला, उठला, आणि पुढच्या बाणाआधी त्याने डोळ्यावर हात धरला. अख्खा पंजा, बोटं मिटलेली. मी धनुष्य ताणून तशीच उभी राहिले. इतका मोठा जीव, आणि डोळ्याला लागलं म्हणून आपल्यासारखाच हात आडवा धरतो.

त्या रात्री मी गोमा आणि हिनॉक्स या दोघांची पानं वेगळी केली. पाहायचं ते हे, की तो आपला नाजूक भाग कसा जपतो. डोळे किती आहेत, मरतो कशाने, हे नंतर.

आता गोमाकडे या निकषाने बघा. १९८६च्या खेळात तो पाय पसरून सरकत राहतो, आणि डोळा बहुतेक वेळ मिटलेला असतो. उघडला की बाण मारायचा. तांबडा एका बाणात जातो, निळ्याला तीन लागतात, आणि त्या खेळात दर बाणामागे एक रुपी (तिथलं नाणं) खर्च होतो, त्यामुळे मिटलेल्या डोळ्यावर मारलेला प्रत्येक बाण जिवाला लागतो. 'ऑकरिना'मधली राणी गोमा अंधाऱ्या दालनात छताला लटकलेली असते. आपण मान वर करून बघेपर्यंत काहीच घडत नाही. फक्त पायांची खरखर. वर बघितलं की काळोखात तो एकच डोळा लकाकतो, वळतो, आपल्यावर स्थिरावतो. मी पहिल्यांदा तिथे कंट्रोलर हातातून खाली ठेवला होता. 'विंड वेकर'मधला गोमा लाव्ह्यातून अर्धा वर आलेला, अंगभर कवच. वर बसलेल्या व्हालू या ड्रॅगनच्या शेपटीला लोंबकळून छताचा दगड त्याच्यावर तीनदा पाडावा लागतो, तेव्हा कुठे ते कवच फुटतं. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधल्या आर्मोगोमाचा डोळा पाठीवर आहे आणि झोत सोडण्यापुरताच उघडतो.

कुठे पापणी, कुठे कवच. गोमा डोळा बंद ठेवतो. हिनॉक्स डोळा झाकतो. बंद ठेवणं हे शरीरातच असतं. झाकायला आधी दुखावं लागतं, मग कळावं लागतं.

आपल्या भाषेत गोम म्हणजे ते अनेक पायांचं सरपटणारं जनावर, आणि गोम म्हणजे गोष्टीतली खरी मेखही. जपानी नाव 'गोमा'च आहे, त्याचा मराठीशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी 'विंड वेकर'मधला तो लांबलचक, पायापायांचा गोमा पाहिला की आपला शब्द मला अगदी चपखल वाटतो.

मोल्डॉर्म, मोल्गेरा, मोल्डुगा यांचं मला आता सोपं जातं. 'अ लिंक टू द पास्ट'मधला मोल्डॉर्म आपलं नाजूक शेपूट जपतो: सारखा वळवळत राहतो, शेपूट हाती लागू देत नाही, वर आपल्याला धक्का देऊन खालच्या मजल्यावर पाडतो आणि लढाई पहिल्यापासून सुरू होते. मोल्गेरा आणि मोल्डुगा वाळूत बुडी मारतात. तिघेही निसटतात, म्हणून तिघे एका पानावर. अडतो तो मोल्डाराख, 'स्कायवर्ड स्वॉर्ड'मधला विंचू. नाव मोल्डचं, वाळूत बुडीही मारतो, पण डोळे पुढच्या नांग्यांच्या आत आणि नांगी मिटली की डोळा बंद. म्हणजे वागणं गोमाचं! त्याच्यासाठी दोन पानांच्या मध्ये एक चिठ्ठी ठेवली आहे. मला तो गोमाकडेच जावा असं वाटतं.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. तिने मध्येच तोडलं, "मग तुझा आर्मोगोमा मेल्यावर काय होतं?" मी सांगितलं, की धड कोसळतं आणि पाठीवरच्या डोळ्याला पाय फुटतात. तो डोळाच एक लहान कोळी होऊन पिल्लांमधून पळत सुटतो, त्याला गाठून मारावं लागतं.

"आणि तो सांगाड्याचा हिनॉक्स? स्टालनॉक्स? त्याचाही डोळा निसटून जमिनीवर घरंगळतो ना?"

हो, घरंगळतो. हाडांपेक्षा त्या डोळ्याच्याच मागे लागावं लागतं.

"मग धड हे कवचच असेल, मावशी. खरा प्राणी डोळा."

तिने पेन्सिल घेतली आणि माझ्या दोन्ही पानांच्या वर, समासात, 'डोळा' असं लिहून दोन्हींकडे बाण काढले. मग कंट्रोलर उचलला, गोमाचे पाय एकामागून एक फोडले, आणि तो खाली बसताच थेट पाठीवर चढली.