प्राणी आपल्याला काय देतात एवढंच शिकवून भागत नाही

मुलांच्या पुस्तकात प्राण्यांचा धडा आला की बहुतेक वेळा यादीच असते, गाय दूध देते, मेंढी लोकर देते, कुत्रा राखण करतो. चुकीचं काही नाही त्यात, पण हे कागदावर काढलं तर सगळे बाण प्राण्याकडून माणसाकडे येतात. आपल्याकडून त्यांच्याकडे काय जातं आणि ते फिरून आपल्यालाच कसं भेटतं, हे कुणी काढून दाखवत नाही, आणि मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मी गिधाडांपासून सुरुवात करते. मोठा कागद घ्यायचा, एक आजारी गाय काढायची आणि गोष्ट सांगता सांगता तिच्यापासून एकेक बाण काढत जायचं. १९९० च्या दशकात भारत, नेपाळ, पाकिस्तानात गिधाडं भराभर मरायला लागली आणि कारणच कळेना. २००४ साली उलगडा झाला, गुरांना दुखणं कमी व्हायला देतात ते डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची किडनीच निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर भारतात ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली. मग मेलेली जनावरं खाणार कोण? ती तशीच पडून राहिली, त्यावर भटकी कुत्री पोसली गेली, कुत्री वाढली की चावे वाढतात आणि रेबीजचा धोकाही, म्हणजे बाण फिरून परत माणसाकडेच!

इथे एका मुलीने विचारलं, "मग औषध देणारा माणूस वाईट होता का?" इतका सुंदर प्रश्न आहे हा. नाही गं, त्याला गायीचं दुखणं थांबवायचं होतं, पण हेतू चांगला असला तरी परिणाम लांब कुठेतरी जाऊन पोचतो. म्हणून पुढचंही सांगायचंच, की २००६ मध्ये तिन्ही देशांनी जनावरांसाठी ते औषध बंद केलं आणि मेलॉक्सिकॅम नावाचं दुसरं औषध मिळालं, त्याने गायीलाही आराम पडतो आणि गिधाडालाही काही होत नाही. हा भाग गाळला तर मुलांच्या मनात नुसती भीती उरते, ते मला अजिबात पटत नाही.

मग आनंदाची गोष्ट हवीच. मोझांबिकमधले याओ लोक "ब्रर्र, हम्" असा आवाज काढतात आणि हनीगाइड नावाचा छोटा पक्षी त्यांना मधाच्या पोळ्यापर्यंत घेऊन जातो. हा पाळलेला नाही हां, पूर्ण जंगली पक्षी! माणसं धूर करून माशा पांगवतात, मध काढतात, मागे राहिलेलं मेण पक्षी खातो. मुलं तो आवाज काढून काढून घर डोक्यावर घेतात, घेऊ द्यावं.

पण लांबच्या गोष्टींवर थांबू नका, रोज दिसणारा प्राणी घ्या. मला पाल फार आवडते यासाठी. दिवा आपण लावला म्हणून किडे आले, किडे आले म्हणून पाल भिंतीवर दिव्याशेजारी दबा धरून बसली, आणि तिने किडे खाल्ले म्हणून आपल्या अंगावर येणारे तेवढे कमी झाले. एवढे बाण बसल्या जागी निघतात, पुढचा बाण मुलांना सुचेपर्यंत आपण पेन्सिल हातात घ्यायची नाही.