तुम्ही विचारलंत म्हणून: अमुक किलोमीटर, मग विमानाला तास किती?

लांबच्या प्रवासाची तिकिटं काढायला बसलं की कुणी ना कुणी मला हे विचारतंच. अंतर शोधून ठेवलेलं असतं, विमान ताशी ९०० किलोमीटरने जातं हेही माहीत असतं, मग सरळ भागाकार करून टाकायचा का? नको. अंतर मोजतात जमिनीवरून, विमान जातं हवेतून, आणि ती हवा स्वतःच धावत असते.

आधी अंतराचं पाहू. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ आणि सिंगापूरचा चांगी यांच्यात सुमारे १५,३०० किलोमीटर आहेत. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो, कारण दोन्ही शहरं रेखांशाने एकमेकांच्या जवळपास समोरासमोर आहेत. सपाट नकाशावर हे कधीच ध्यानात येत नाही. तरीही सिंगापूरहून निघालेलं विमान बहुधा प्रशांत महासागरावरून जातं. वाट लांबते, पण पाठीवर वारा मिळतो. वेळापत्रकात या प्रवासाला साडेअठरा-एकोणीस तास धरलेले असतात.

सगळी गंमत या वाऱ्यात आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. वारा नुसता १०० चा धरला, तरी न्यूयॉर्क ते लंडन हे ५,५०० किलोमीटर जाताना साडेपाच तासांत होतात आणि परतताना जवळपास सात तास लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यामुळे ब्रिटिश एअरवेजचं विमान याच मार्गावर ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण एअर इंडियाचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेलं आणि वेळ मात्र सुमारे दोन तासांनी वाचला! साडेचौदा तासांत विमान उतरलं. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, त्यामुळे नुसत्या फिरण्याचा आयता फायदा विमानाला मिळत नाही.

वाऱ्याइतकंच महत्त्व परवानगीला आहे. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपातल्या विमानांना बंद झाली आणि हेलसिंकी ते टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरा तासांवर गेला. विमानतळ आपल्या जागचे हलले नाहीत, अंतराचा आकडाही तोच राहिला.

म्हणून माझं सांगणं असं, की अंतराचं पान मिटा आणि वेळापत्रक उघडा. तिथला वेळ एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीसाठी रांगेत थांबणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं, सगळं त्यात साधारण धरलेलं असतं. त्याच फ्लाइटच्या गेल्या आठवड्याभराच्या प्रत्यक्ष वेळा ट्रॅकिंगच्या ॲपवर सहज दिसतात, त्याही बघा. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा पाहा. मधे विमान बदलायचं असेल तर वारा समोरून येणाऱ्या बाजूला जास्त मोकळा वेळ ठेवा.