बहात्तरच्या पोटातली साखर

"मी कदी ग्वाड खाल्लं न्हाई, मग मला साखर कशी झाली?" सांगलीत फिजिशियन म्हणून हा प्रश्न मी रोज ऐकतो. आटपाडीकडच्या त्या मावशींनी मात्र तो भांडायच्या सुरात विचारला. वजन ४६ किलो, हातपाय काटकुळे, पण कमरेचा घेर ८४ सेंटिमीटर. आपल्या बायकांत तो ८०च्या पुढे गेला की आम्ही सावध होतो. गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारं एचबीए१सी ९.१, म्हणजे बरंच चढलेलं. ताप नाही, जखम नाही, तरी दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन सीआरपी दोनदा तपासलं, दोन्ही वेळा ६च्या वर. म्हणजे आत कुठेतरी दाह धुमसतोय.

वय विचारलं. "तारीख ठावं न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात आय खडी फोडाया जायाची, तवा मी पोटात हुते. मिलोची भाकरी आन् सुकडी, दुसरं काय हुतं?"

मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली ज्वारी, सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटलेला कोरडा खाऊ. बाहेरची रांग तशीच ठेवून मी त्यांच्याशी बोलत बसलो. आईच्या पोटातल्या उपासमारीची खूण पुढे राहते, याचा एक दाखला आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये माणशी रोजचं रेशन हजार कॅलरींच्याही खाली गेलं होतं. त्या उपासमारीत गर्भ राहिलेली माणसं साठीला आल्यावर त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावरच्या मिथाइल या रासायनिक गटाच्या खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी निघाल्या. जनुक तेच, पण ते किती चालायचं हे ठरवणाऱ्या खुणा वेगळ्या. हे संशोधन २००८चं. मावशींच्या बाबतीतही असंच झालंय असं मी म्हणणार नाही. तशी तपासणी ओपीडीत होत नाही, आणि केली तरी एका माणसाबद्दल ती फारसं सांगत नाही.

आपल्याकडचा पुरावा जास्त जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३पासून आसपासच्या गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आहेत. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. मावशी म्हणजे तेच बाळ मोठं झालेलं. पोटातली ही चरबी टीएनएफ, आयएल-६ असे दाह वाढवणारे रासायनिक निरोप सोडते. त्यांनी यकृतातलं सीआरपीचं जनुक जागं होतं, आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात.

त्यात आताचं खाणं. सकाळी चहा-खारी, दुपारी रेशनचा भात, उसळ सणासुदीला. "ज्वारी कोण थापतंय आता?" कोंडा आणि डाळीतला चोथा आतड्यातल्या जंतूंना मिळाला, तर ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, आणि ते पेशींतल्या जनुकांची उघडझाप बदलून दाह आवरायला मदत करतं. खारीतून जंतूंच्या वाट्याला काय येणार? हळदीचं पाणी त्या नेमाने पीत होत्या. सांगलीत बसून हे बोलणं धाडसाचं आहे, पण हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या बशीत दाह शमवतं, पोटातून रक्तात मात्र फारच थोडं पोचतं. भाजीत घाला, औषध म्हणून भरवसा ठेवू नका, असं सांगितलं.

मग तोंड उघडायला लावलं. हिरड्या सुजलेल्या, दाबल्या की रक्त, दात हलणारे. रोजची मिसरी! सीआरपी चढवायला एवढं पुरेसं आहे. हिरड्यांवर नीट उपचार केले तर मधुमेह्यांचं एचबीए१सी सरासरी ०.४च्या आसपासने कमी होतं, म्हणून आहाराच्या कागदाआधी दंतवैद्याची चिठ्ठी दिली.

सोबतची लेक चार महिन्यांची गरोदर होती. "मंग हिच्या लेकराला बी हुईल का?" मावशींचा सूर पहिल्यांदा उतरला. होईलच असं नाही, म्हटलं, पण हिची साखर आणि बी१२ जीवनसत्त्व आजच तपासू. जनुकांवरच्या त्या खुणांना लागणारा मिथाइल शरीरात फिरवायला बी१२ आणि फोलेट (गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड) दोन्ही लागतात. याज्ञिकांच्या अभ्यासात ज्या आयांचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. लेकीला फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू होत्या, बी१२ कधी कोणी बघितलंच नव्हतं. ते कमी निघालं. गोळ्या तशाच ठेवून इंजेक्शनं सुरू केली. साखर ठीक होती.

मावशी आता ज्वारीची भाकरी आणि मटकी खातात, लेकच थापते. मिसरीवरून मात्र आमचं भांडण अजून चालू आहे.