सत्र अर्धवट सोडून गेलेली प्रशिक्षक

सराव-सत्राच्या निरीक्षण तक्त्यात आवाजाला रकाना आहे, फळ्याच्या वापराला आहे, वेळेच्या नियोजनाला आहे. सत्र चालू असताना प्रशिक्षकच उठून बाहेर गेली तर काय लिहायचं, त्याला रकाना नाही. सोलापूरच्या त्या दुपारी नेमकं तेच झालं. त्यावरून माझा आणि सहकाऱ्यांचा जो वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही.

मी प्रशिक्षकांना शिकवते. पुढं वस्तीवस्तीत जाऊन मोठ्या माणसांच्या कार्यशाळा घेणाऱ्या ताई-दादांची तयारी करून घेणं हे माझं काम. लोकांना वाटतं आम्ही भाषण कसं ठोकायचं ते शिकवतो. खरं तर आमचा निम्मा वेळ सतरंजी कुठं अंथरायची, कुणाला गुडघ्यामुळं खुर्ची लागेल, पंख्याच्या आवाजात मागं ऐकू जातं का, असल्या गोष्टींत जातो. आणि तो तसा जायलाच हवा. शाळेतलं पोर कंटाळलं तर खोड्या करतं, मोठं माणूस काही न बोलता दुसऱ्या दिवशी येत नाही.

सत्र पूर्व भागात होतं, अशोक चौकाच्या पलीकडं. यंत्रमागाची खडखड आणि घरोघरी बिडीकाम असलेला हा भाग. घरात तेलुगू, बाजारात मराठी, काहीजणी कन्नड बोलणाऱ्या, काही उर्दू. विषय होता मोबाइलवरची पैशांची फसवणूक. कार्यालयानं वेळ सकाळी अकराची ठरवून पाठवली होती. सकाळी या बायका वळलेल्या बिड्या द्यायला आणि नवा तेंदूपत्ता-तंबाखू आणायला कारखान्यात जातात, हे इथल्या कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. मी वेळ दुपारी अडीचची केली.

दुसरा प्रश्न सुपाचा, बिड्या वळायला मांडीवर घेतात त्या. या बायकांची मजुरी हजार बिड्यांवर ठरते. दुपार आमच्याकडं घालवली की तेवढ्या बिड्या बुडाल्या, आणि प्रवासभत्त्यानं ती भरपाई होत नाही. पहिल्याच बाईनं दारात विचारलं, “मॅडम, सूप घेऊन बसलं तर चालतंय का?” मी म्हटलं, चालतंय. सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. शिस्त, लक्ष, फोटो, सगळं निघालं. मी मागं हटले नाही. रात्री भिजवलेला तेंदूपत्ता, मांडीवर सूप, चिमटीत तंबाखू, वळून तोंड दुमडून दोरा: हे हात वर्षानुवर्षं आपोआप चालतात. हात चालू असले की या बायका मान वर करून नीट ऐकतात, आणि रिकाम्या बसवल्या की घड्याळ बघतात. हे मी अनेक बॅचमध्ये पाहिलंय.

पण आमच्या प्रशिक्षणार्थींतल्या एका मुलीला दम्याचा त्रास. तंबाखूची धूळ तिला सोसेना. म्हणून सूपवाल्या ओट्यावर, बाकीच्या आत, मधलं दार सताड उघडं, फळा चौकटीला टेकवलेला आणि प्रशिक्षकानं उभं राहायचं उंबऱ्यात, म्हणजे दोन्हीकडं तोंड. ही मांडणी जमवायला अर्धा तास गेला. मला तिचा अभिमान आहे. सर्वसमावेशक हा शब्द अहवालात एका ओळीत बसतो, प्रत्यक्षात एकीची सोय दुसरीच्या छातीवर येते आणि तिथं फळा उचलून हलवावा लागतो.

सत्र घेणारी जोडी अशी: एक बीकॉम झालेला हुशार मुलगा आणि एक तेलुगूभाषक बाई, जिनं स्वतः कितीतरी वर्षं बिड्या वळल्यात. सगळे तिला अक्का म्हणत. मुलानं सुरुवात केली आणि घाईत विचारलं, “तुमच्यापैकी कुणाची फसवणूक झालीय? हात वर करा.”

आदल्या दिवशी आम्ही याच प्रश्नावर बोललो होतो. ज्या गोष्टीची लाज वाटते ती चारचौघांत हात वर करून विचारायची नाही. ‘तुमच्या ओळखीत कुणाचं असं झालंय का’ असं विचारायचं, म्हणजे स्वतःचीही गोष्ट दुसरीच्या नावावर सांगता येते. प्रौढशिक्षणात अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्सपासून सगळे सांगतात की मोठं माणूस अनुभव घेऊन येतं, त्या अनुभवापासून सुरुवात करा. बरोबरच आहे. पण तो अनुभव तिनं घरातही कुणाला सांगितलेला नसेल, हे आमच्या पुस्तिकांत कुठं येत नाही.

एकही हात वर झाला नाही. ओट्याच्या कडेला बसलेली एक वयस्क बाई उठली, सूप उचललं आणि चालू लागली. अक्काच्या हातात पुढच्या खेळाच्या चिठ्ठ्या होत्या. तिनं त्या मुलाच्या हातात कोंबल्या आणि ती बाईच्या मागं गेली.

मुलगा दोन मिनिटं गोंधळला. मग एकीनंच विचारलं, “ते पिन कधी टाकायचं, एवढं सांगा की.” त्यानं सांगितलं की पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. बायकांनी ते लगेच करून बघितलं. बिड्यांचे कट्टे म्हणजे पैसे, एक गिऱ्हाईक, एक ‘तुम्हाला बक्षीस लागलंय’ म्हणणारा ठग. पहिल्यांदा कट्टा ठगाकडं गेला, दुसऱ्यांदा तिघीजणी एकदम तेलुगूत ओरडल्या. सत्राचा तो उत्तम भाग होता आणि तो प्रशिक्षकांच्या आराखड्यात नव्हता.

अक्का बऱ्याच वेळानं आली, त्या बाईला घेऊन. बाई आपल्या जागेवर बसली. कुणी काही विचारलं नाही.

काय झालं होतं ते अक्कानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं की १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या हेल्पलाइनला, उशिरा फोन केला तर चालतो का. म्हटलं, केलाच पाहिजे, आणि बँकेलाही लेखी कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७पासूनच्या नियमाप्रमाणं ग्राहकानं स्वतःच पिन दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे उशीर झाला तरी कळवण्यात अर्थ आहे. अक्कानं ते वहीत तेलुगूत लिहून घेतलं.

संध्याकाळी गुण द्यायला बसलो. सहकारी म्हणाले, एकीसाठी बाकीच्या सगळ्यांना सोडून जाणं प्रशिक्षकाला शोभत नाही, उद्या प्रत्येकजण असं करेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘उठून जाणाऱ्याच्या मागं जा’ असा नियम मी शिकवला, तर पुढचा प्रशिक्षक नळाला पाणी आलं म्हणून लगबगीनं निघालेल्या बाईला रस्त्यात गाठून ‘काय झालं ताई’ विचारील. सोलापुरात काही दिवसांआड पाणी येतं, त्या तासाला बाई सभेत थांबूच शकत नाही. आणि जिला एकटीला राहायचंय तिच्या मागं जाणं हा तर जाचच.

म्हणून मी अक्काला विचारलं, तुला कसं कळलं?

“सूप बघितलं की मॅडम. तंबाखू झाकली नव्हती. पाण्याला जाणारी बाई फडकं टाकून जाते. उघडी तंबाखू वाऱ्यावर कोण नेतंय?”

मी त्याच ओट्यासमोर उभी होते. मला सूप दिसलं होतं, फडकं नसणं दिसलं नव्हतं. ते दिसायला बिड्या वळलेल्या असाव्या लागतात. ते चार दिवसांच्या प्रशिक्षणात कसं द्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. एवढं मात्र ठामपणे वाटतं की अक्काचं जाणं बरोबर होतं: आत जोडीदार होता, तिला बाईची भाषा येत होती, आणि ती अंदाजानं नाही तर बघून गेली होती.

वेळेच्या नियोजनात तिला दहापैकी दोन पडले. त्या दोन गुणांमुळं ती मुख्य प्रशिक्षकांच्या यादीत मुलाच्या खाली गेली. मुलगा चांगलाच आहे, शिकेल. पण पूर्व भागात कार्यशाळा घ्यायला या दोघांतून कुणाला पाठवायचं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी तक्त्याच्या मागच्या पानावर सगळा प्रसंग लिहून पाठवला. उत्तर आलं, फक्त रकाने भरावेत. गुणांवर ज्यांची निवड होते आणि वस्तीत ज्यांच्यामुळं बायका दुसऱ्या दिवशी परत येतात, ती माणसं बरेचदा वेगळी असतात. तक्ता करणाऱ्यांनी एकदा ओट्यावर येऊन बसावं.

पुढच्या बॅचपासून मी एक बदल केलाय. जोडीतल्या एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं उंबऱ्याजवळ बसून फक्त बघायचं, आणि त्या दोघांतलं एक त्याच वस्तीतलं, तेच काम केलेलं हवं. सहकाऱ्यांना हे पटलंय. दोन गुणांवर ते ठाम आहेत, मी माझ्या म्हणण्यावर. अक्काचं नाव प्रतीक्षा यादीत आहे आणि माझं दुसरं पत्र कार्यालयात.