युरोपच्या राजांची वंशावळ, व्हाया महाल

युरोपातल्या राजघराण्यांचा गुंता सोडवायला बसलं की लोक थेट राणी व्हिक्टोरियापासून सुरू करतात आणि मला ते अजिबात पटत नाही. ती "युरोपची आजी" वगैरे ठीक आहे, नऊ लेकरं, चाळीसच्या वर नातवंडं, सगळं मान्य. पण माझ्या मते आधी पकडायचा माणूस म्हणजे डेन्मार्कचा नववा ख्रिश्चन. ह्याला युरोपचा सासरा म्हणायचे. नुसतं १८६३ साल बघा. मार्चमध्ये पोरगी अलेक्झांड्रा इंग्लंडच्या युवराजाला दिली, त्याच महिन्यात दोन नंबरच्या पोराला ग्रीसवाल्यांनी आपला राजा म्हणून निवडलं, वय सतरा, आणि खुद्द ह्याला डेन्मार्कची गादी मिळाली नोव्हेंबरमध्ये. म्हणजे पोरगा आधी राजा झाला, बाप नंतर! दुसरी पोरगी डागमार रशियात दिली, तिचं आधी थोरल्या युवराजाशी ठरलं होतं, तो लग्नाआधीच वारला तर धाकट्या भावाशी लावून दिलं. (असं आपल्याकडेही ऐकलेलं आहे, फार नाकं मुरडू नका.) म्हणून इंग्लंडचा पाचवा जॉर्ज आणि रशियाचा शेवटचा झार निकोलस हे सख्खे मावसभाऊ, आणि दोघांचा सोबतचा फोटो पाहिला तर दाढीसकट जुळे वाटतात. आज ब्रिटन, डेन्मार्क, नॉर्वे, स्पेन, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग, सहा गाद्यांवर ह्या एका माणसाचे वंशज बसले आहेत.

आता मी कोण, तर नागपुरात एका सीएच्या ऑफिसात लोकांचे जीएसटी रिटर्न भरणारी बाई. इतिहासाची डिग्री नाही काही नाही. रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप घेऊन हेच करत बसते. दीर येता-जाता विचारतो, "काय वहिनी, त्यांच्या इस्टेटीत आपला हिस्सा निघून राह्यला का?" निघून नाही राह्यला. पण डेबिट क्रेडिट जुळवायची सवय लागलेल्या माणसाला ह्यात जी मजा येते ती सांगून कळायची नाही, कारण ह्या लोकांचे हजार वर्षांचे हिशेब कागदावर आहेत आणि तरीही ते टॅली होत नाहीत.

पद्धत एकदम सोपी आहे आणि एक्सेलसाठीच बनवल्यासारखी आहे. ज्याची वंशावळ काढायची त्याला नंबर १. बाप २, आई ३. पुढे कोणाचाही बाप म्हणजे त्याच्या नंबरची दुप्पट आणि आई म्हणजे दुप्पट अधिक एक. बस. म्हणून स्वतः सोडला तर सगळे पुरुष सम आकड्यावर, सगळ्या बाया विषम. मिखाएल आयत्सिंगर नावाच्या माणसाने १५९० मध्येच हे छापलं होतं, मग १६७६ मध्ये स्पेनच्या सोसाने वापरलं आणि १८९८ मध्ये श्टेफान केकुले नावाच्या जर्मनाने ते सगळीकडे रूढ केलं. हा केकुले म्हणजे आपण बारावीच्या केमिस्ट्रीत ज्याचं बेंझिन काढायचो त्या केकुलेचा मुलगा. बापाने रिंग काढली, पोराने झाड.

आता ह्या पद्धतीने स्पेनचा बारावा अल्फोन्सो मांडून बघा, ही माझी सगळ्यात आवडती शीट आहे. नंबर १ अल्फोन्सो, जन्म १८५७. नंबर २ बाप फ्रान्सिस्को दे असिस, नंबर ३ आई राणी इसाबेला दुसरी. ४ आणि ६ म्हणजे दोन्ही आजोबा, फ्रान्सिस्को दे पाउला आणि फर्नांडो सातवा, हे सख्खे भाऊ. ५ आणि ७ म्हणजे दोन्ही आज्या, लुईसा कार्लोता आणि मारिया क्रिस्तिना, ह्या सख्ख्या बहिणी. म्हणजे इसाबेलाचा नवरा तिचा चुलतभाऊही आहे आणि मावसभाऊही. आता पणजोबा-पणज्या बघा, तुम्हाआम्हाला आठ असतात, ह्याला चारच! ८ नंबरवर कार्लोस चौथा, १२ नंबरवर पुन्हा तोच कार्लोस चौथा, ९ आणि १३ वर त्याची बायको, १० आणि १४ वर नेपल्सचा फ्रान्चेस्को, ११ आणि १५ वर फ्रान्चेस्कोची बायको मारिया इसाबेल. आणि थांबा, संपलं नाही. ही ११ नंबरवाली मारिया इसाबेल कोणाची मुलगी? कार्लोस चौथ्याची! म्हणजे तो २२ वर परत येतो आणि ३० वर परत येतो. एक माणूस, चार रकाने. म्हणजेच त्या दोन्ही भावांनी आपल्या सख्ख्या बहिणीच्या मुलींशी लग्नं केली, मामा-भाची. कार्लोस चौथा आणि त्याची बायको आपसात चुलत भाऊ-बहीण होते ते वेगळंच.

हे मी सासूबाईंना प्रिंट काढून दाखवलं. त्या चष्मा लावून बराच वेळ बोट फिरवत होत्या. मामा-भाचीवर त्या काही बोलल्या नाहीत, खाली तेलंगणात चालतं म्हणाल्या, पण इसाबेलावर आल्या आणि थांबल्या. "चुलतभाऊ बी अन् मावसभाऊ बी? मंग लग्नात मुलाकडचे कोण अन् मुलीकडचे कोण?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

स्पेनच्याच जुन्या घराण्यात, हाब्सबुर्गांमध्ये, ह्याचा कडेलोट झाला होता. कार्लोस दुसरा, १६६१ चा जन्म, त्याची आई त्याच्या बापाची भाची, आणि वरच्या पिढ्यांमध्ये हेच परत परत. २००९ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी हिशेब केला तर त्याचा अंतःप्रजननाचा गुणांक, म्हणजे आईबाप किती जवळच्या नात्यातले ह्याचा आकडा, ०.२५४ निघाला. सख्ख्या भाऊ-बहिणीला मूल झालं तर तो ०.२५ येतो, म्हणजे ह्याचा त्याहून जास्त. बिचाऱ्याला नीट चावता येत नव्हतं, बोललेलं लोकांना कळत नव्हतं, दोन लग्नं करूनही मूल नाही, १७०० मध्ये गेला आणि त्याच्या गादीसाठी युरोपभर दहा-बारा वर्षं युद्ध चाललं.

कागद कुठे मिळतात हे बरेच जण विचारतात. बायबल म्हणाल तर "आल्मानाख द गोथा". जर्मनीतल्या गोथा गावातून १७६३ पासून १९४४ पर्यंत दरवर्षी निघायचं, हातात मावेल एवढं जाडजूड पुस्तक, त्यात गादीवरचे राजे कोण, कोणाचा जन्म कधी, कोण कोणाला दिली, सगळं. त्यात नाव आहे की नाही ह्यावर लग्नं मोडायची. जुन्या अंकांचे स्कॅन नेटवर फुकट मिळतात. फ्रेंच आवृत्ती असली तर ट्रान्सलेट मारून निघतं काम, पण जर्मन आवृत्ती त्या जुन्या टोकदार गॉथिक टाइपात असते, त्यात एस आणि एफ इतके सारखे दिसतात की डोळ्यांचं वाटोळं होतं.

तारखांचंही लक्षात ठेवा. रशियाने १९१८ पर्यंत जुनं कॅलेंडर चालवलं, त्यामुळे झार निकोलसचा जन्म एका ठिकाणी ६ मे १८६८ दिसेल आणि दुसऱ्या ठिकाणी १८ मे, आणि दोन्ही बरोबर. एकोणिसाव्या शतकात बारा दिवसांचा फरक, विसाव्यात तेरा. इंग्लंडमध्ये तर १७५२ च्या आधी वर्षच २५ मार्चला बदलायचं, तर फेब्रुवारीत जन्मलेला माणूस कोणत्या सालातला हे दोनदा तपासा. फुकटच्या फॅमिली ट्री साइट्सवर लोक हे न बघता ढकलून देतात आणि मग पोराचा जन्म आईबापाच्या लग्नाआधी निघतो.

आणि र्‍यूस घराण्याच्या वाट्याला जाऊच नका. जर्मनीतलं छोटंसं संस्थान, ह्यांनी ठरवलं की घरातल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, गादीवर बसो न बसो, आणि सगळ्यांना नंबर. थोरली पाती शंभरपर्यंत मोजून परत एकपासून सुरू करणार, धाकटी पाती शतक बदललं की परत एकपासून. म्हणून बापाचा नंबर अडुसष्ट आणि पोराचा चार असंही होऊ शकतं. एक्सेलचा नाव शोधायचा फॉर्म्युला, व्हीलुकअप, हात जोडतो.

पण खरं सांगायचं तर ह्या सगळ्यात मला जे खटकतं ते वेगळंच आहे. हे लोक रक्ताचा एवढा टेंभा मिरवतात, सोळाच्या सोळा खापरपणजोबा-पणज्या खानदानी असल्याशिवाय काही मठांत आणि सरदारांच्या मंडळांत घेत नव्हते, ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ फर्डिनांडने १९०० मध्ये सोफी खोटेकशी लग्न केलं, ती पण सरदार घराण्यातलीच होती हं, तरी राजघराण्याच्या तोलाची नाही म्हणून तिच्या पोरांचा गादीवरचा हक्क सोडल्याचं लग्नाआधीच लिहून घेतलं. आणि रक्त तपासायला गेलं तर? इंग्लंडचा तिसरा रिचर्ड, १४८५ मध्ये लढाईत मेला, २०१२ मध्ये लेस्टरच्या एका पार्किंगखाली त्याचा सांगाडा सापडला. बहिणीच्या बाजूने, आईकडून आईकडे उतरत आलेला डीएनए आजच्या वंशजांशी बरोबर जुळला, म्हणून तर ओळख पटली. पण बापाकडून पोराकडे जाणारा वाय क्रोमोसोम त्याच घराण्याच्या आजच्या पुरुष वंशजांशी जुळलाच नाही. म्हणजे मधल्या शेकडो वर्षांत कुठेतरी कागदावरचा बाप वेगळा आणि खरा बाप वेगळा. अल्फोन्सोच्या बापाबद्दलही माद्रिदमध्ये तेव्हा उघड कुजबुज होतीच, म्हणजे माझी ती चार रकान्यांची सुंदर शीट कदाचित अर्धी खोटी आहे. पण कागदावर नाव फ्रान्सिस्कोचं, तर शीटमध्येही फ्रान्सिस्कोच.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे. नागपुरात वंशावळ म्हटलं की जात पडताळणी. भाचीच्या ॲडमिशनच्या वेळी मीच बसले होते, कोतवाल पंजीची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, पणजोबांचं नाव एकीकडे पांडू आणि एकीकडे पांडुरंग, मग ॲफिडेविट. दत्तक गेलेला असेल तर दत्तकपत्र जोडा, विषय संपला, तो त्या घरचा.

आणि दत्तकावरून मी दरवेळी बर्नादोतवर येते. स्वीडनचा तेरावा कार्ल, म्हातारा, मूलबाळ नाही. १८१० मध्ये स्वीडनच्या संसदेने वारस म्हणून कोणाला निवडलं, तर फ्रान्सच्या सैन्यातला एक मार्शल, जाँ बातिस्त बर्नादोत, पो नावाच्या गावातल्या वकिलाचा मुलगा. रक्ताचा थेंबभर संबंध नाही, स्वीडिश भाषा येत नाही (शेवटपर्यंत आलीही नाही). बायको मार्सेयच्या रेशमाच्या व्यापाऱ्याची मुलगी, पूर्वी नेपोलियनशी ठरलेली. राजाने त्याला रीतसर दत्तक घेतलं, १८१८ मध्ये तो गादीवर बसला, आणि आजचा स्वीडनचा राजा त्याच्याच वंशातला आहे. पुढे तीन पिढ्यांनी बाडेनची व्हिक्टोरिया सून म्हणून आली, ती जुन्या हाकललेल्या स्वीडिश राजाची पणती, म्हणजे जुनं रक्त मागच्या दाराने परत आत आलं, पण तोपर्यंत कोणाचं काही अडलं नव्हतं.

आता तेच १८१८ साल नागपुरात बघा. इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना गादीवरून काढलं आणि दुसऱ्या रघूजींच्या मुलीच्या मुलाला तिसरे रघूजी म्हणून बसवलं. म्हणजे इंग्रजांना तेव्हा मुलीकडचा नातू चालला, नाव बदलून भोसले केलेला चालला, कारण पोरगा लहान होता आणि कारभार रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या, हातात राहणार होता. आणि हेच तिसरे रघूजी १८५३ मध्ये मुलाशिवाय वारले तेव्हा? वाड्यातल्या बायका, दुसऱ्या रघूजींची म्हातारी विधवा बाकाबाई धरून, दत्तक घ्यायला तयार होत्या, मुलगा नजरेसमोर होता. तर डलहौसी म्हणाला वारस नाही, राज्य खालसा. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य कंपनीच्या खिशात, कापसाच्या वऱ्हाडाला लागून असलेलं एवढं मोठं राज्य, आणि वाड्यातलं जडजवाहीर लिलावात.

मी नागपुरातल्या महाल भागातून बडकस चौकाकडे जाते तेव्हा दरवेळी हेच डोक्यात येतं आणि राग येतो, आता एवढ्या वर्षांनी राग येऊन काय उपयोग, पण येतो. कारण १८५३ मध्ये स्वीडनच्या गादीवर कोण होतं माहितीये? ऑस्कर पहिला. त्या दत्तक घेतलेल्या वकिलाच्या पोराचा पोरगा. त्याला लंडनमधून कोणी विचारलं नाही की बाबा तुझं रक्त कुठलं. तो आरामात १८५९ पर्यंत राजा राहिला, त्याची ती रेशमवाल्याची मुलगी असलेली आई १८६० मध्ये स्टॉकहोममध्ये राजमाता म्हणूनच वारली, आणि पुढच्या वर्षी इकडे नागपूर सेंट्रल प्रोव्हिन्सेसची राजधानी झालं.